रुख्मिणीबाईंनी लावून दिलेलं नेटवर्क

बेसा भागातल्या त्या इमारतीत कोणाचा फोन बिघडला की दुकान गाठायच्या आधी माणसं रुख्मिणीबाईंची बेल वाजवत. बाई गणिताच्या शिक्षिका, आता निवृत्त. फोन पुढे केला की कपाळावरचा चष्मा नाकावर आणायच्या आणि म्हणायच्या, "तू स्वतः काय काय करून ठेवलंस ते आधी सांग." समोरचा माणूस पन्नाशीचा असला तरी गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा चुळबुळ करायचा.

ही विद्या त्यांनी कुठल्या क्लासात नव्हती शिकली. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी सावनेरच्या पुढे, केळवदकडल्या एका गावात काढली. शाळेच्या मागे शेत, आणि शेताच्या पलीकडे मध्य प्रदेश. तेव्हा रोमिंगचे पैसे कापले जायचे आणि गावातले फोन घरातल्या खाटेवर पडल्यापडल्या पलीकडच्या राज्यातला टॉवर धरायचे. माणूस जागचा हलला नाही, आणि बॅलन्स मात्र प्रवास करून आलेला! रुख्मिणीबाईंचं डोकं फिरलं. त्यांनी एका रविवारी फोन हातात घेऊन सेटिंगं उचकटली आणि शोधून काढलं की नेटवर्क आपोआप निवडण्याचा एक खटका असतो. तो बंद केला की कंपन्यांची नावं समोर येतात. त्यातलं आपल्या राज्यातल्या कंपनीचं नाव बोटानं दाबायचं, म्हणजे फोन तेवढंच धरून बसतो, इकडेतिकडे तोंड मारत नाही. आठवड्याभरात अर्ध्या गावाचे फोन त्यांच्या ओसरीवर येऊन गेले.

पुढे रोमिंगचे पैसे गेले, नोकरीही संपली, बाई बेशाला राहायला आल्या. गरज मेली, पण हाताची सवय कुठली मरते! फोन कोणाचाही असो आणि तक्रार काहीही असो, तो खटका आधी बंद व्हायचा. घरातून निघताना आपण गॅसचं बटण पाहतो ना, तसं. खरं म्हणजे स्वतःच्या मनानं काही ठरवणारी वस्तू बाईंना आवडायचीच नाही. माणसंसुद्धा त्यांना सांगितलेलं ऐकणारीच बरी वाटत.

सांगितलेलं ऐकण्यात कौसल्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. कौसल्या म्हणजे बाईंच्या नवऱ्याची, मारोतरावांची, धाकटी बहीण. मारोतराव धान्याचे व्यापारी, त्यांना भावंड म्हणून आता ही एकटीच उरलेली. तिला दिलं होतं सौंसरजवळच्या एका खेड्यात. राज्य मध्य प्रदेश, पण बोली तीच, सोयरीक तीच. नवरा गेला, मूलबाळ नाही. कापूस आणि तूर स्वतः उभी राहून करायची. दिवाळीनंतर चार दिवस भावाकडे यायची, तशी यंदाही आली.

या मुक्कामात तिचा फोन आतल्या खोलीत सारखा तुटत होता. रुख्मिणीबाईंनी तो काढून घेतला, खटका बंद केला, यादीतलं नाव दाबलं आणि फोन परत देत बजावलं, "आता याच्या सेटिंगला हात लावायचा नाही. कोणालाच लावू द्यायचा नाही. कोणी बोटं घातली तर मी पुन्हा बघणार नाही, सांगून ठेवते."

"नाई वैनी. कोनालेच नाई देत."

मग खरंच आवाज नीट यायला लागला. तो कौसल्या खिडकीशी सरकून बसली म्हणून यायला लागला असणार, पण श्रेय बाईंनी घेतलं आणि कौसल्यानंही आनंदानं दिलं.

निघायच्या दिवशी सकाळी ती फोनवर गावच्या वेचणीवाल्या बायकांशी बोलत होती. बोलत म्हणजे ओरडत. मारोतरावांनी पेपरातून डोकं वर काढलं.

"कौशे, तुले फोनची गरज काय वं? इथून हाक मारली तरी सौंसरले ऐकू जाते."

घरात हशा पिकला. कौसल्या हसली नाही.

"बरं झालं, सांगतलं. आता करतच नाई फोन. राह्य निवांत."

"अवं, गंमत केली."

"तुही गंमत तुह्याजवळ ठेव." तिनं पिशवी उचलली.

"पोचली की फोन कर," मारोतराव जिन्यापर्यंत येऊन म्हणाले. ती पायऱ्या उतरत राहिली.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मारोतरावांनी लावला, तो लागला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. "राग धरून बसली," ते म्हणाले. "लहानपनापासून अशीच. मी पतंग फाडला होता तर पंधरा दिवस बोलली नोयती." मग त्यांनीही नाद सोडला. त्या दोघांत कोणी कमी हट्टी नाही.

आणि अशात मारोतरावांच्या छातीत दुखलं. दवाखाना झाला, हृदयाच्या नळीत स्टेंट बसला, पुण्याहून मुलगा स्वानंद धावत आला. त्या धावपळीत बाईंनी दवाखान्याच्या व्हरांड्यातून कौसल्याला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, हा नंबर संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. जाग्रणानं बाईंचे डोळे चुरचुरत होते. आत गेल्यावर मारोतरावांनी विचारलं, "कौशीले कळवलं?"

"फोन बंद करून बसलीय ती," बाई म्हणाल्या.

मारोतरावांनी डोळे मिटले. चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं.

फोन बंद असणं वेगळं आणि क्षेत्राबाहेर असणं वेगळं, हे बाईंइतकं नीट कोणाला ठाऊक? इमारतीतल्या लोकांना याच फरकावरून त्या झापायच्या. पण त्या घडीला वैताग होता, आणि 'बंद करून बसलीय' म्हणायला सोपं होतं. म्हणून टाकलं.

पुढे त्याच वाक्याला फांद्या फुटल्या. मारोतराव घरी आले. गावागावांतून व्यापारी, सोयरे, कोण कोण भेटायला येऊ लागले. एखादा सहज विचारी, "बहीण येऊन गेली असेल?"

"बहीन न? आहे. फोन बंद करून बसली आहे." आणि मारोतराव हसायचे. ते हसणं पाहवत नव्हतं. स्वानंद म्हणाला, बाबा, मी गाडी काढतो, आत्याला घेऊन येतो. तर त्याच्यावर डाफरले. आणि एका दुपारी जेवता जेवता घास हातात धरून म्हणाले, "उद्या मी गेलो तरी तिले कळवू नका. येऊ नये तिनं."

रुख्मिणीबाईंना कौसल्याचा असा संताप आला की त्यांनी दुसऱ्याच दिवशी बस धरायची ठरवली. सख्खा भाऊ मरणाच्या दारातून परत आला आणि ही पतंगाच्या वेळेसारखी राग धरून बसली!

"आई, भेटायला चाललीस का भांडायला?" स्वानंदनं विचारलं.

"ते तिथं गेल्यावर ठरवीन. त्यांना दुपारची गोळी दे."

बसमध्ये खिडकी मिळाली. बाई मनातल्या मनात वाक्यं रचत होत्या. पहिलं वाक्य फारच जोरकस जमलं होतं. सावनेर गेलं, केळवद गेलं, त्यांची जुनी शाळा लांबून दिसली न दिसली तोच सीमा मागे पडली. मग त्यांना गोळीची आठवण झाली. स्वानंद लॅपटॉपमध्ये डोकं घालून विसरणार, म्हणून फोन काढला. लागेना. वर पाहिलं तर नेटवर्कची एकही काडी नाही.

शेजारच्या सीटवरली बाई फोनवर पोटभर गप्पा मारत होती. तिचं झाल्यावर रुख्मिणीबाईंनी विचारलं, "तुमचं कार्ड कोणत्या कंपनीचं?" त्यांचंच निघालं.

"मग माझा काहून लागत नाही?"

"सेटिंगमधी पाहा न काकू. काही दाबल्या गेलं असन."

काही दाबल्या गेलं असन! बाईंनी चष्मा लावला, सेटिंग उघडलं, आणि तो खटका समोर आला. बंद. त्यांनीच केलेला. खाली त्यांनी बोटानं निवडलेलं महाराष्ट्राचं नेटवर्क. नाव दोन्हीकडे एकच असलं तरी फोनच्या लेखी दोन राज्यांतली ती दोन निरनिराळी नेटवर्कं, हे तर त्यांनीच गावाला शिकवलं होतं. त्याचसाठी तर ही सारी खटपट! सांगितलेलं नेटवर्क सीमेवर संपलं आणि बिचारा फोन सांगितल्याप्रमाणे गप्प बसला. दुसरीकडे पाहायची त्याला बंदी होती.

कौसल्याचं कार्ड मध्य प्रदेशातलं. ते त्यांनी बेशाच्या घरात बसून इथल्या नेटवर्कला बांधलं आणि वर दम दिला की सोडवायचं नाही.

 बाईंनी खटका चालू केला. थोडा वेळ फोन नुसता फिरत राहिला, मग काड्या उभ्या राहिल्या. इतकं सोपं होतं ते. गोळीचा फोन लावायचं मात्र राहूनच गेलं.

कौसल्याच्या अंगणात तुरीच्या शेंगांचा ढीग पडला होता. वहिनीला फाटकात पाहून ती उठली, हात पदराला पुसले आणि जागीच उभी राहिली. रागावल्यासारखी नाही, ओशाळल्यासारखी.

"या वैनी. आठवन आली म्हनायची."

"पाणी दे आधी."

पाणी आलं, चहा आला, उकडलेल्या शेंगा ताटलीत आल्या. कौसल्या शेंगा सोलून वहिनीपुढे दाणे सारत होती आणि ते जोरकस पहिलं वाक्य आता बाईंच्या काही कामाचं नव्हतं.

"भाऊ कसा आहे? मले वाटलं, एक फोन तरी करीन. मी रागात बोलली, तर त्यानं बी तेच धरून बसावं का?"

"केला होता, कौसल्या. बरेचदा केला."

"मंग कुठी गेला?" तिनं कोनाड्यातून फोन आणला. छान फडक्यात गुंडाळून ठेवलेला. "हा तर इथं आल्यापासून मुकाच आहे. मी म्हटलं टावर गेला. मंग पाह्यलं तं शेजारचा चालून राहिला. तो पोरगा म्हने, काकू, दे इकडं, पाहून देतो. मी म्हटलं, नाई बाप्पा. वैनीनं कोनाले हात लावू देऊ नको सांगतलं. त्या येतीन तवा पाहतीन."

बाईंनी ताटलीतला दाणा उचलला आणि परत ठेवला. दुखण्याचं सांगणं भाग होतं. त्यांनी सांगितलं, लहान करून, पण स्टेंट काही लहान करता येत नाही. कौसल्या ऐकता ऐकता खाली बसली.

"आन् मी इथं शेंगा सोलून राहिली," ती म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. "भाऊ दवाखान्यात, आन् मी रोज त्याले शिव्या देऊन राहिली होती वं वैनी! कसा फोन करत नाई, कसा मोठा झाला, अशा शिव्या. मलेच हा फोन समजत नाई. माह्यासारखीच्या हातात द्यायचाच कशाले?" आणि तिनं फोन जमिनीवर आपटायला उचलला.

"आण इकडे," बाई म्हणाल्या.

खटका चालू करायला दोन बोटं पुरली. घटकाभरात फोन घरघरायला लागला. न लागलेल्या फोनांचे निरोप एकावर एक येऊन पडत होते. मारोतरावांचे, मग बाईंचे, मग स्वानंदचे. पाळणा हलावा तसा फोन बाईंच्या तळहातावर हलत होता.

"काय केलं वैनी?"

हीच ती वेळ होती. अंगणात तिसरं कोणी नव्हतं. बाई म्हणाल्या, "टॉवरचंच होतं काहीतरी."

"तुमच्या हाताले गुन आहे," कौसल्या डोळे पुसत म्हणाली.

एखाद्यानं थोबाडीत दिली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

कौसल्या तशीच निघाली. घराला कुलूप लावलं, शेंगांचा ढीग शेजारणीच्या हवाली केला, अर्धा किलो शेंगा भावासाठी पिशवीत घातल्या. त्याला चालतात का, हे तिनं रस्त्यात तीनदा विचारलं. येताना बसमध्ये ती स्वतःलाच बोल लावत होती. अडाणी आहे, आडमुठी आहे, भावाच्या मुळावर उठली. रुख्मिणीबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. सांगते, केळवद येऊ दे, सांगते. केळवद आलं. सावनेरला सांगते. सावनेरला बसमध्ये गर्दी चढली, आणि गर्दीत असं बोलता येत नाही, हे बाईंना एकदम पटलं. आयुष्यभर त्यांनी वर्गातल्या मुलींना विचारलं होतं, "खरं बोलायला एवढा वेळ का लागतो गं?" आता त्यांना उत्तर मिळत होतं.

घरी मारोतराव पलंगावर उशीला टेकून बसले होते. बहिणीला पाहिलं आणि डोळ्यांत काहीतरी हललं, पण तोंड वळवलं त्यांनी.

"आता आठवन आली?"

"भाऊ, माह्यं चुकलं." ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, जवळ जायची हिंमत नव्हती. "मले फोन चालवता येत नाई. बंद पडला तं कोनाले दाखवला बी नाई."

"बंद पडला का बंद केला?"

"तुह्यी शपथ."

"माही शपथ खाऊ नको. आधीच एकदा जाता जाता वाचलो."

कौसल्यानं मान खाली घातली. एवढी शेतकरीण बाई, मजुरांना हाक मारली तर शिवार हलायचं, ती पदराचं टोक पिळत उभी. आणि स्वानंद दारात, आत यावं का जावं अशा घोटाळ्यात.

"तिनं नाही बंद केला," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "मी केला."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. एकदा बोलायला लागल्यावर बाईंनी शिकवतात तसंच सगळं सांगितलं. खटका, कार्ड, सीमा, दिलेला दम. आवाज मात्र शिकवायचा नव्हता. मग थांबून म्हणाल्या, "आणि दवाखान्यात मी तुम्हाला सांगितलं की ती फोन बंद करून बसलीय. तो बंद नव्हता. क्षेत्राबाहेर होता. मला फरक कळत होता. तरी मी तसं म्हणाले."

मारोतराव उशीवरून सरळ झाले. "मी तं गावभर सांगत सुटलो," ते हळूच म्हणाले. "आल्यागेल्याले. माही बहीन अशी, माही बहीन तशी." मग बहिणीकडे वळले. "ये वं इकडं. बस."

कौसल्या बसली नाही. ती वहिनीपुढे जाऊन उभी राहिली.

"तुमाले कवा समजलं?"

"बसमध्ये. तुझ्याकडे येताना."

"म्हंजे माह्या घरी याच्या आधी."

"हो."

"आन् मी तिथं तुमच्यासमोर रडून राहिली, तवा तुमाले माहीत होतं. बसमधी मी माह्याच जिवाले खात होती, तवा बी माहीत होतं." तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "फोनाचं जाऊ द्या. ते कोनाकडून बी होते. पन मले एवढ्या वेळ कशी बसू देल्ली वैनी तशी?"

 कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. नणंदेच्या नजरेतली आपली हुशारी त्यांना घालवायची नव्हती. एवढंच. इतकं क्षुल्लक.

"चुकले मी," त्या म्हणाल्या.

कौसल्या 'जाऊ द्या' म्हणाली नाही. एरवी ती शंभरदा म्हणायची. ती भावाजवळ जाऊन बसली, त्याचा हात हातात घेतला आणि मग खूप वेळ त्या दोघांचंच चाललं. शेंगा चालतात का, काय खातोस, किती वाळलास. पतंगाचाही विषय निघाला आणि मारोतराव छाती धरून हसले, तशी तिनं त्यांना रागावून गप्प केलं.

रुख्मिणीबाई स्वयंपाकघरात सांबारवड्यांत भरायला कोथिंबीर निवडत बसल्या. कौसल्याला त्या आवडायच्या. ती मदतीला आली नाही. बऱ्याच वेळानं पाण्याचा तांब्या भरायला आली तेव्हा पाठमोरीच म्हणाली, "आनखी कोनाकोनाचे करून ठेवले असे?"

"काय?"

"फोन. तुमच्याकडं तं लाइन लागते लोकायची."

बाईंचे हात कोथिंबिरीत थांबले. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. वरच्या मजल्यावरचे नानाजी, त्यांची मुलगी जबलपूरला दिलेली, दर महिन्याला तिच्याकडे जातात. समोरची नूपुर, तिला कंपनीवाले कधी रायपूरला धाडतात, कधी इंदूरला. आणि बाकीचे? कोणाकोणाचा फोन हातातून गेला, ते कसं आठवणार? कोणाचे किती फोन कुठे पोचलेच नसतील, आणि कोण कोणावर रुसून बसलं असेल, देवाला ठाऊक.

त्या उठल्या. हात धुतले, चष्मा घेतला.

"कुठी चालल्या?" कौसल्यानं विचारलं.

"वर. नानाजींकडे."

"काय सांगसान?"

"जे झालं ते."

कौसल्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदा. मग पाटावर बसून कोथिंबिरीची परात आपल्याकडे ओढली आणि काही न बोलता निवडायला लागली.

नानाजींनी दार उघडलं आणि नेहमीसारखे खूश झाले. "या मॅडम! आज तुम्ही स्वतः?"

"तुमचा फोन आणा," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "आणि बसा जरा. मागे जबलपूरला उतरल्यावर तुमचा फोन लागत नव्हता म्हणून तुमची मुलगी तुमच्यावर चिडली होती ना, त्याबद्दल मला बोलायचं आहे."